मंदी वजा जाता तूट किती?

अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मथळ्यात एकच आकडा झळकतो: तूट इतके टक्के. त्यात सरकारची करणी किती आणि काळाचा फेरा किती, हे मात्र त्यावरून कळत नाही. दुष्काळात बियाण्यासाठी काढलेलं कर्ज आणि सुगीत लग्नाच्या मांडवात उडवलेला पैसा सावकाराच्या वहीत सारखाच दिसतो, त्यातलाच हा प्रकार. मंदीत करवसुली आपोआप घटते, युरोप-अमेरिकेत बेकारभत्त्याचा खर्च वाढतो. अर्थमंत्र्यांनी बोटही न हलवता तूट फुगते.

ही गुंतागुंत सुरेख सोडवून दाखवली एमआयटीतल्या ई. कॅरी ब्राउन यांनी. केन्सचं नाव सर्वतोमुखी, ब्राउन मात्र अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत! 1956च्या निबंधात त्यांनी अमेरिकेतलं 1930चं मंदीचं दशक नव्याने मोजलं. सगळ्यांच्या हाताला काम असतं, तर त्याच करदरांनी किती महसूल जमला असता? तो हिशेब मांडताच रूझवेल्टच्या गाजलेल्या तुटीतला बराचसा भाग मंदीच्या खात्यात गेला. 1932मध्ये करही जबर वाढवले होते. तूट सोसून मंदी हटवण्याचा उपाय फसला नव्हता. तो धड करूनच पाहिला नव्हता, हा ब्राउन यांचा निष्कर्ष.

मेख आहे त्या ‘असतं तर’मध्ये. अर्थव्यवस्थेची पूर्ण ताकद कुठल्याही यंत्राने मोजता येत नाही, ती अंदाजावर ठरते. आणि अंदाज फसतो तो ऐन मोक्याच्या वेळी. 2007मध्ये स्पेनच्या तिजोरीत जीडीपीच्या सुमारे 2 टक्के शिल्लक होती. घरबांधणीच्या तेजीतला करांचा ओघ कायमचाच, असं गणित सांगत होतं. 2009मध्ये तूट 11 टक्क्यांवर गेली. मग तज्ज्ञांनी जुने आकडे पुन्हा मांडले, आणि तेजी वगळता 2007ची शिल्लक बरीचशी विरून गेली. पुढे तर युरोपीय आयोगाच्या गणिताने स्पेनमधली 20 टक्क्यांहून जास्त बेकारी ‘स्वाभाविक’ ठरवली! कागदावर मंदी लहान झाली, आणि म्हणून तुटीचा दोष सरकारच्या माथी आला.

तरीही 2012च्या युरोपीय करारात अशा, मंदी-तेजीचा परिणाम वजा करून काढलेल्या तुटीला जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली गेली. स्पेनच्या एका वर्षाच्या आकड्यातली दुरुस्तीच त्याहून मोठी होती. ब्राउन वीस वर्षांनी मागे वळून मोजत होते. चालू वर्षाला तीच पट्टी लावणं हा निव्वळ हट्ट. 2024मध्ये युरोपीय संघाने देखरेखीचा मुख्य निकष बदलून सरकारी खर्चाची वाढ हा धरला. उशिरा का होईना, बरं केलं.