गोदाकाठची गढी आणि डॉ. सांकलिया



इतिहासाच्या तासाला एखादं मूल हमखास विचारतं, "तेव्हा पुस्तकंच नव्हती, मग हे कळलं कसं?" "पुस्तकात दिलंय" असं सांगून आपण पुढे गेलो, तर मूल पुन्हा विचारत नाही. अशा वेळी मी डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांची गोष्ट सांगते.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. एम.ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठाचा अभ्यास केला. पुढे लंडन विद्यापीठातून गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. मिळवली. तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष मातीत काम करायला शिकले. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा ते तिथे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच राहिले.

आता आपल्या नाशिकचा संबंध बघा. शहराजवळ गंगापूरला गोदावरीच्या पात्रात त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. गढीच्या खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगाच्या खुणा होत्या, वरच्या थरांत सातवाहनकाळच्या. जोर्व्याला लाल रंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी सापडली. त्यावरून त्या संपूर्ण संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. एका छोट्या गावाचं नाव इतिहासात गेलं ते राजामुळे नाही, तर कुणीतरी घडवलेल्या मडक्यांमुळे! हे ऐकलं की मुलांचे डोळे चमकतात. इतिहास आपल्यासारख्या माणसांचाही असतो, हे त्यांना पटतं.

थर समजवायला एक सोपी कृती करा. घरातल्या रद्दीचा गठ्ठा घ्या. सगळ्यात जुना पेपर कुठे असेल? मुलं लगेच सांगतात, "तळाशी!" झालं, उत्खननाचं पहिलं तत्त्व कळलं. मग गठ्ठा विस्कटून तोच प्रश्न पुन्हा विचारा. कुणालाच सांगता येत नाही. जुनी टेकाडं उकरायची नाहीत, सापडलेलं खापर खिशात घालायचं नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

डॉ. सांकलिया यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले. गढी मात्र आजही गोदाकाठी आहे. पुढच्या रविवारी मुलांना तिथून जाताना नक्की दाखवा, आणि उत्तर द्यायची घाई करू नका. त्यांना आधी प्रश्न पडू द्या.