हलका ट्रिगर म्हणजे अचूक नेम? कंपाउंड तिरंदाजीतला एक स्क्रू आणि त्यामागचा गैरसमज

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनमध्ये साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९-१४७ असं हरवून तिरंदाजीत विश्वविजेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांची फायनल मारली. स्कोअर होता १५०-१४९. म्हणजे समोरच्या खेळाडूनं १५ बाणांत फक्त एक गुण सोडला आणि तेवढ्यात सुवर्ण गेलं.

दोघांचा प्रकार कंपाउंड. आता यात गंमत अशी की, दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीला एक छोटा फास बांधलेला असतो. त्यात हातातल्या यंत्राचा आकडा अडकवायचा आणि ओढायचं. या यंत्राला म्हणतात रिलीज एड. खटका दाबला की आकडा उघडतो, बाण सुटतो. नियमानुसार त्यात इलेक्ट्रॉनिक काहीही चालत नाही, सगळा कारभार स्प्रिंग आणि स्क्रूवर. काही रिलीज मनगटाला पट्ट्यानं बांधतात आणि तर्जनीनं चालवतात, काहींचा खटका अंगठ्यानं दाबायचा असतो. एकलव्याचा अंगठा आठवला असेल, तर इथेही भानगड अंगठ्याचीच आहे.

बऱ्याच रिलीजवर दोन गोष्टी बदलता येतात. एक, खटका दाबायला किती जोर लागेल. दुसरी, बाण सुटण्याआधी खटका किती सरकेल. नवा खेळाडू पहिलं काम काय करतो? जोर कमी करून टाकतो. हलका खटका म्हणजे हात हलणार नाही, असा हिशोब.

हिशोब चुकतो तो इथेच. ५० मीटरवरच्या टार्गेटमध्ये १० गुणांचं वर्तुळ असतं ८ सेंटीमीटरचं. त्यावर साइट कुणाचीच स्थिर राहत नाही, थोडी तरंगतेच. खटका अतिहलका असला की खेळाडू बोट टेकवायलाच घाबरतो. मग साइट मधोमध दिसली रे दिसली की झटक्यात दाबतो. तो झटका हातातून धनुष्यापर्यंत जातो आणि बाण नऊमध्ये. ही सवय मुरली की तिला म्हणतात टार्गेट पॅनिक. ती सोडवायला कधीकधी महिने जातात.

म्हणून अनेक प्रशिक्षक उलटं सांगतात. जोर इतका ठेवा की बोट किंवा अंगठा निर्धास्तपणे खटक्यावर ठेवता येईल. मग बोटानं टोचायचं नाही, पाठीचे स्नायू आवळत ओढत राहायचं, तो ताण वाढता वाढता बाण सुटतो. खटका सरकण्याचं अंतर मात्र कमी बरं, नाहीतर आता सुटेल की मग, या विचारातच लक्ष जातं. अर्थात जोर इतकाही नको की दाबताना अख्खा पंजा वळेल.

सेट करताना थेट धनुष्यावर प्रयोग नको. आपल्या ओढीएवढ्या लांबीचा मजबूत दोरीचा फास करा, त्यावर रिलीज लावून बघा. स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा आणि किती फिरवला ते लिहून ठेवा. कंपनीनं दिलेली मर्यादा ओलांडली तर आकडा नीट अडकतच नाही. मग दोरी ओढतानाच रिलीज सुटतं, मूठ स्वतःच्याच तोंडावर बसते. बाण लावलेला असेल तर तो कुठे जाईल सांगता येत नाही, नसेल तर धनुष्यच तुटू शकतं. त्यामुळे ओढताना बोट कायम खटक्याच्या मागे. धनुष्यावरचे पहिले बाणही टार्गेटच्या अगदी जवळून मारायचे.

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे सराव करणाऱ्यांना आणखी एक काम असतं. खाऱ्या दमट हवेत स्प्रिंग आणि आकड्याच्या सांध्याला गंज धरतो, आणि गंजलेला खटका कधी अडखळतो तर कधी अर्धवट अडकतो. सरावानंतर रिलीज कोरड्या फडक्यानं पुसायचं, ओल्या किटमध्ये टाकायचं नाही. तेल मात्र कंपनी सांगेल तेच आणि तेवढंच, कारण जास्तीच्या तेलावर किनाऱ्याची बारीक वाळू चिकटते.

लॉस एंजेलिस २०२८ मध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये येतेय. त्यामुळे पुढच्या काळात हे यंत्र टीव्हीवर बऱ्याचदा दिसेल. तेव्हा बाणाकडे नाही, खेळाडूच्या अंगठ्याकडे बघा.