कर्करोग : रुग्णालय आणि रोगी यांचें सहकार्य

कर्करोगाचें नांव निघतांच घरांतील मंडळींचा आवाज खालीं येतो. शेजाऱ्यांस कळूं द्यावयाचें नाहीं, पुष्कळदां तर खुद्द रोग्यासही कळूं द्यावयाचें नाहीं, अशी खटपट सुरू होते. ह्या लपवाछपवींत जे दिवस जातात ते रोगाच्या पथ्यावर पडतात. सबब, ह्या रोगाशीं झगडतांना रुग्णालयानें काय करावें व रोग्यानें काय करावें, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या सहकार्याचें एक उत्तम उदाहरण मुंबईंतच घडलें. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार करीत आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जडलेल्या पुष्कळ गरीब स्त्रिया रोग बळावल्यावरच डॉक्टरांकडे येतात. म्हणून १९९८ सालीं रुग्णालयच त्यांच्या वस्तींत गेलें. सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यांत आले; दोहोंसही रोगाची माहिती सांगितली गेली, व एका गटासाठीं दर दोन वर्षांनीं तपासणीची सोय केली. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या व ह्या कामाचे धडे दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. साधनही साधें : व्हिनेगरमध्यें असतें तें ॲसेटिक आम्ल, तेंही अगदीं सौम्य. तें लावलें असतां संशयास्पद भाग पांढरा दिसूं लागतो. बारा वर्षांनीं पाहतां तपासणीच्या गटांत ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी आढळले.

हें यश केवळ त्या आम्लाचें नव्हे. सेविकांनीं समजावून सांगितलें आणि स्त्रियांनीं संकोच सोडून विश्वास ठेविला, म्हणून तें लाभलें. पुढील तपासणीस बोलाविलेल्या कांहीं जणी मात्र आल्या नाहींत. जेथें रोगी येत नाहीं तेथें वैद्याचा हातही पोंचत नाहीं.

ह्यावरून उभयतांचीं कर्तव्यें स्पष्ट होतात. रुग्णालयानें रोग कोणता, उपचार किती दिवसांचा, खर्च व त्रास किती, हें रोग्यास त्याच्या भाषेंत सांगावें. तो पुन्हां पुन्हां विचारील तर त्रासूं नये. रोग्यानें तोंडांतील न भरणारा व्रण किंवा स्तनांतील गांठ अंगावर काढूं नये. घेत असलेला झाडपाला डॉक्टरांपासून लपवूं नये. आणि बरें वाटूं लागलें म्हणून उपचार अर्धवट टाकूं नये. घरच्यांनीं त्याचें ताटवाटी वेगळें काढूं नये, कारण सहवासानें हा रोग जडत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या शिक्षणाचा येथें मोठा उपयोग आहे. आजीबरोबर रुग्णालयांत जा. डॉक्टरांचें म्हणणें टिपून घ्या, कागद वाचून दाखवा, पुढील तारीख ध्यानांत ठेवा. वडील तंबाखू खात असतील तर त्यांस विनयानें पण न भितां सांगा. वैद्य आणि रोगी यांच्यामध्यें भीतीचा जो ओढा वाहतो, त्यावरील साकव होण्याचें भाग्य तुम्हांस लाभो, हीच आमची प्रार्थना.