जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११: चालेल का, आणि चालवावं का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. जुन्या अँड्रॉइड फोनला सिक्युरिटी पॅच यायचे बंद होतात, तसंच हे. ज्या लॅपटॉपवर आपण महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतो, आधार आणि पासबुकाचे स्कॅन ठेवतो, त्याचं कुलूप जुनं होत जाणं परवडणारं नाही.

म्हणूनच जळगाव-धुळ्याकडच्या माझ्या भावंडांचा सध्या एकच प्रश्न असतो: "भो, माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का?"

खरं तर यात दोन प्रश्न आहेत. पहिला, मायक्रोसॉफ्ट परवानगी देतं का? दुसरा, टाकल्यावर ते वापरण्याजोगं चालेल का? पहिल्याचं उत्तर पैसे खर्चून बदलत नाही, दुसऱ्याचं बऱ्यापैकी बदलतं. त्यामुळे आधी पहिलं तपासा, मगच दुकानात जा.

परवानगी कशावर ठरते?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. हे जुन्या लॅपटॉपमध्येही असतं. गाडी अडते ती प्रोसेसर आणि टीपीएम २.० वर. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या चाव्या वेगळ्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय.

प्रोसेसर ओळखणं सोपं आहे. इंटेल आय५-८२५०यू या नावात डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२००यू म्हणजे सातवी. मोजके अपवाद सोडले तर लॅपटॉपमध्ये इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन ३००० मालिका, इथून पुढचे प्रोसेसर चालतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप थेट हो किंवा नाही सांगतं.

ॲपने "टीपीएम नाही" म्हटलं तरी लगेच निराश होऊ नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर स्वतःचाच डेटा कुलुपात अडकेल.

वेग कशावर ठरतो?

लॅपटॉप संथ झाला की दोष प्रोसेसरवर जातो. जुन्या मशीनमध्ये खरी अडचण बहुतेक वेळा हार्डडिस्कची असते. तिच्यात फिरणारी तबकडी असते आणि प्रत्येक फाईलसाठी सुईला जागा बदलावी लागते. सेकंदाला साधारण शंभर वेळा अशी विखुरलेली माहिती वाचताना तिची दमछाक होते. साधी साटा एसएसडी हेच काम हजारो वेळा करते, कारण तिच्यात हलणारा भागच नसतो. विंडोज ११ मागे सतत काही ना काही वाचत-लिहीत असतं, म्हणून हार्डडिस्कवर ते रडतखडत चालतं.

रॅमचंही तसंच. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण सुरू होतानाच निम्म्याहून जास्त रॅम खातं. वर क्रोमचे पाच-सहा टॅब उघडले की रॅम भरते आणि सिस्टीम डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरू लागते. फोनमधली 'व्हर्च्युअल रॅम' हीच युक्ती. डिस्कच संथ असेल तर सगळंच संथ. माझ्या मते ८ जीबी आणि एसएसडी हीच खरी किमान गरज आहे.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही विशेष चालू नसताना डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर आजार सापडला.

आपल्याकडचा उन्हाळा

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. हवाच ४० अंशांची असेल तर प्रोसेसर थंड कसा होणार? तापमान १०० अंशांजवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, जसा उन्हात फोन आपोआप ब्राइटनेस कमी करतो. पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घेतली तरी फरक पडतो. गादीवर ठेवून वापरू नका, हवेची भोकं बंद होतात.

"रुफसने टाकून देतो" म्हणाले तर?

रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर आहे. त्यातून टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी टाळून विंडोज ११ टाकता येतं, आणि ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठे वार्षिक अपडेट हातानेच टाकावे लागू शकतात. कोर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरला कळत नाहीत. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि अपडेटचीच खात्री नाही, हा सौदा मला पटत नाही.

मग करायचं काय?

*आठवी पिढी किंवा पुढची:* एसएसडी आणि ८ जीबी रॅम करून विंडोज ११ टाका. रॅम घेण्याआधी ती कोणत्या प्रकारची लागते, आणि जागा मोकळी आहे का, हे बघा. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते.

*सातवी पिढी किंवा आधीची, आणि टॅली, फोटोशॉपसारखं विंडोजचंच सॉफ्टवेअर हवं:* विंडोज १० ठेवा आणि सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन 'ईएसयू'मध्ये नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्टने जाहीर केल्यानुसार यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. तेवढ्या काळात नव्या लॅपटॉपची तजवीज करा.

*जुनी पिढी, पण काम ब्राउझर, पीडीएफ, कोडिंग एवढंच:* लिनक्स मिंट वापरून बघा. ते मोफत आहे, ४ जीबीवर नीट चालतं, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करून काहीही न पुसता आधी चाचणी घेता येते. फक्त तुमची ऑनलाइन परीक्षा किंवा क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं का, ते आधी विचारून घ्या.

तिन्हीपैकी काहीही निवडलं तरी एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, म्हणून खर्चाची सुरुवात तिथूनच करा. आणि त्याही आधी फोटो, प्रोजेक्ट, सर्टिफिकेट सगळं वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. दुकानात लॅपटॉप दिल्यावर हे काम दुसरं कुणी करत नाही.