सांगायचं कुणाला, किती?

प्रवेशअर्जात ‘वडिलांचे नाव’ हा रकाना येतो आणि बालगृहात वाढलेल्या मुलीचं पेन तिथेच थबकतं. महाराष्ट्रात 2018 साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. म्हणजे खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाला आपली कहाणी सांगणं आलंच. मानसशास्त्र ज्याला स्वप्रकटीकरण म्हणतं, ते हे नव्हे. तिथे काय आणि कुणाला सांगायचं, हे सांगणाराच ठरवतो.

असं मोकळं झाल्यानं खरंच बरं वाटतं? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं. जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल, घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच तर जास्तच उदास वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मनात दाबून ठेवायलाही शक्ती खर्ची पडते, हा पेनेबेकर यांचा तर्क. 2006 साली असे 146 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी फायदा खरा, पण लहानच निघाला.

तरी अनाथ मुलांसाठी मला तो मोलाचा वाटतो, कारण लिहायला समोर कुणी असावं लागत नाही. विश्वासाचं माणूस भेटेपर्यंत वही चालते. तेवढ्यासाठी तरी बालगृहात प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा एक कप्पा हवाच.