जुन्या संगणकाच्या पाट्या : ओळख आणि मोल

भंगारवाल्याचा तराजू वजन सांगतो. वस्तूचे वय आणि कूळ सांगत नाही. जुन्या संगणकांतून निघालेल्या ज्या पाट्यांना व्यवहारात आपण सर्किट बोर्ड म्हणतो, त्या किलोच्या भावाने विकल्या जातात. त्यांतील बहुतेक त्याच योग्यतेच्या असतात, हे खरे. परंतु एखादी अशी निघते की, ती वितळविल्याने यंत्रविद्येच्या इतिहासाचे एक पानच नाहीसे होते. ही पारख कशी करावी, ते आज पाहू.

प्रथम वय. पाटीवरील चिपांवर बहुधा चार आकड्यांची एक खूण असते. पहिले दोन आकडे सालाचे, पुढील दोन आठवड्याचे. ‘७६४२’ म्हणजे १९७६ सालचा बेचाळिसावा आठवडा. मात्र ७४०० पासून सुरू होणारी चिपांची एक मोठी मालिकाच आहे. त्यामुळे ‘७४३२’ ही कधी तारीख असते, तर कधी चिपचे नाव. म्हणून एकीवर न विसंबता सर्व खुणा टिपून घ्याव्या. मूळच्या चिपांपैकी सर्वांत अलीकडची जी, तिच्याआधी पाटी पूर्ण झालेली असणे शक्य नाही. एखादीच चिप इतरांहून पुष्कळ वर्षांनी नवी असेल, तर ती बहुधा मागाहून बदललेली समजावी.

दुसरे कूळ. बारीक तारांच्या जाळीत ओवलेली इवलीशी काळी कडी दिसली, तर ती चुंबकीय स्मृती होय. एकेका कड्यात शून्य किंवा एक, एवढेच साठविले जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सिद्ध झालेल्या टिफ्रॅक यंत्राची स्मृती याच जातीची होती. इंटेलची ‘४००४’ ही १९७१ सालची चिप सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांची. तिचे पांढऱ्या कवचाचे व सोनेरी मुलाम्याचे नमुने संग्राहक आवर्जून शोधतात. चिपवर काचेची गोल खिडकी असेल, तर तीवरील कागद काढू नये. आतील आज्ञावली अतिनील किरणांनी पुसली जाते, आणि कदाचित तिची ती एकमेव प्रत असेल.

आता मोल. ते दुर्मिळता, अस्सलपणा, स्थिती आणि पूर्वेतिहास या चोहोंवर ठरते. नुसत्या वयावर नव्हे. १९७६ सालच्या अ‍ॅपल-१ च्या पाट्या सुमारे २०० च झाल्या. मूळ किंमत ६६६.६६ डॉलर, त्यांतील एक चालू स्थितीतील संच २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९,०५,००० डॉलरांस गेला. अर्थात तिच्या नकलाही बनविल्या जातात. तेथे चिपांवरील तारखा आणि मालकीचे कागद हेच साक्षीदार.

सोन्याचा लोभ मात्र धरू नये. टोकाच्या पट्ट्यांवरील मुलामा केसाहूनही कितीतरी पातळ असतो, आणि तो काढण्यासाठी वापरलेल्या आम्लाच्या वाफा फुप्फुसे जाळतात.

पाटी घासून चकचकीत करू नये, चिपा उपटू नयेत. गळणारी बॅटरी जाणत्याकडून काढवून घ्यावी. पाटी कोणत्या यंत्रातून, कोठून आली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. यंत्र मोडल्यावर ही माहिती सांगणारा दुसरा कोणी उरत नाही.