तोंडावळ्यापलीकडची ओळख

आपल्याकडे चिचुंद्रीला सर्रास उंदीर म्हणतात. ती उंदरांच्या कुळातली नाही, कीटक खाणारी आहे, हे तिचे दात पाहिले की कळते. पण दात पाहायला थांबतो कोण? ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत हाच घोळ फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथल्या जंगलांत, कपारींत आणि वाळवंटांत उंदराएवढी, करड्या-तपकिरी अंगाची, लांब शेपटीची जनावरे राहतात. ती शिशुधानी आहेत, म्हणजे कांगारूच्या गोतातली. मादी अगदी अपुऱ्या वाढीची पिले जन्माला घालते आणि ती पोटाशी सडांना चिकटून वाढतात. उंदराला पटाशीच्या दातांची वर एक आणि खाली एक जोडी असते. यांना वर चार आणि खाली तीन जोड्या असतात, शिवाय सुळे आणि कातरणाऱ्या दाढा. कीटक, कोळी, प्रसंगी सरडे हे त्यांचे खाणे. टास्मानियन डेव्हिल ज्या डॅसियुरिडी कुलात येतो, त्याच कुलातले हे लहानगे सदस्य. गेल्या दोन शतकांत त्यांची नावे इतक्या वेळा बदलली की वर्गीकरण हा तज्ज्ञांचा लहरी कारभार आहे असे कुणालाही वाटावे. पण हा सगळा प्रवास क्रमाने पाहिला तर त्यात एक सूत्र सापडते. केवळ रूपावर विसंबले तेव्हा फसगत झाली, आणि नव्या प्रकारचा पुरावा हाती आला तेव्हा ओळख खोल होत गेली.

सुरुवातीची नावेच पाहावीत. फॅस्कोगेल म्हणजे पिशवीवाला वीझल, स्मिंथॉप्सिस म्हणजे उंदरासारखा दिसणारा, अँटेकायनस म्हणजे साळिंदरासारख्या काटेरी पण छोट्या हेजहॉगचा जोडीदार. नाव देणाऱ्यांसमोर युरोपातली जनावरे होती आणि अनोळखी प्राण्याला ते ओळखीच्या साच्यात बसवत होते. 1803 मध्ये जॉफ्र्वा यांनी आज अँटेकायनस मिनिमस म्हणून ओळखली जाणारी जात डॅसियुरस या प्रजातीत घातली. 1824 मध्ये टेमिंक यांनी फॅस्कोगेल ही प्रजाती स्थापली. 1838 आणि 1840 मध्ये वॉटरहाउस यांनी फ्लॅव्हिपेस आणि स्वेनसनाय या जाती तिच्यात नेऊन ठेवल्या. 1841 मध्ये मॅक्ली यांनी स्टुअर्टाय या जातीसाठी अँटेकायनस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. पण 1888 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत ओल्डफील्ड टॉमस यांनी ती पुन्हा फॅस्कोगेलमध्ये विरघळवून टाकली आणि 1904 व 1923 मध्ये बेलस आणि गॉडमनाय या जातीही त्यांनी फॅस्कोगेल म्हणूनच जाहीर केल्या. टॉमस यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या टेबलावर वाळलेली कातडी आणि कवट्या होत्या. ते जनावर झाडावर चढते की पालापाचोळ्यात हुंगत फिरते, कधी माजावर येते, कधी मरते, हे लंडनमधल्या कातडीवरून कळणे शक्य नव्हते. जेवढा पुरावा, तेवढीच ओळख.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरावा वाढला. 1947 मध्ये टेट यांनी या कुलाच्या शरीररचनेची नव्याने मांडणी करून अँटेकायनसला पुन्हा उभे केले आणि सुडँटेकायनस व पॅरँटेकायनस ही नावे दिली. पुढे मायकेल आर्चर यांनी दातांचा बारकाईने अभ्यास केला. 1975 मध्ये त्यांनी निंगाउई ही चिमुकल्या जनावरांची प्रजाती वेगळी काढली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या गवताळ प्रदेशातला तांबूस रोझामंडाय 1982 मध्ये डॅसिकल्युटा या स्वतंत्र प्रजातीत गेला. त्याच सुमारास विजेच्या प्रवाहात प्रथिने वेगळी करून त्यांची तुलना करण्याची पद्धत या अभ्यासात आली. तिची गरज होती, कारण या कुलात गुणसूत्रांची संख्या एकसारखी 14 आहे आणि ती पाहून फारसे काही हाती लागत नाही. या काळात किती पत्ते बदलले याचे बोलके उदाहरण म्हणजे बिलार्नी. 1948 च्या अमेरिकन-ऑस्ट्रेलियन आर्नहेम लँड मोहिमेत तो हाती आला, 1954 मध्ये जॉन्सन यांनी त्याला अँटेकायनस ठरवले, पुढे तो पॅरँटेकायनसमध्ये गेला आणि शेवटी सुडँटेकायनसमध्ये स्थिरावला. जातीचे नाव मात्र कायम राहिले. बिल हार्नी या माणसाच्या नावाचा तिथल्या आदिवासींच्या तोंडी झालेला उच्चार त्यात जपला गेला आहे.

या दोन शतकांतला सर्वांत मोलाचा धडा मात्र दातांनी दिला नाही, तो काळाने दिला. 1966 मध्ये पॅट्रिशिया वूली यांनी अँटेकायनसच्या प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रजातीत समागमाचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि तो संपताच सगळे नर मरतात. रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांचा पूर येतो, प्रतिकारशक्ती कोसळते, आणि वर्ष पुरे होण्याआधीच एक अख्खी पिढी संपते. पिले वाढवायला फक्त माद्या उरतात. म्हणून या जनावरांना तारीख चुकवून चालत नाही. 2006 मध्ये मॅकॅलन, डिकमन आणि क्राउदर यांनी दाखवले की ही तारीख दिवसाच्या लांबीवरून नव्हे, ती किती वेगाने वाढते आहे त्यावरून ठरते. प्रत्येक जातीचा वेग ठरलेला. एकाच जंगलात राहणाऱ्या दोन जाती वेगवेगळ्या वेगाला प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यांचे हंगाम एकमेकांत मिसळत नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर किओलोआच्या परिसरात हेच घडत होते. दिसायला जवळजवळ सारखी, दोन्हींना स्टुअर्टाय म्हटले जाणारी जनावरे वेगवेगळ्या वेळी माजावर येत होती आणि त्यांची प्रथिनेही जुळत नव्हती. 1998 मध्ये डिकमन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एकीला अँटेकायनस अजिलिस हे नाव दिले. एका हंगामातले नर दुसऱ्या हंगामापर्यंत जगतच नसतील, तर दोन गटांत संकर व्हायचा कसा? इथे कॅलेंडर हीच भिंत आहे, आणि कातडीवर ती कधीच उमटत नाही.

त्यानंतर ओघ वाढला. 2000 मध्ये सबट्रॉपिकस ही जात वेगळी झाली आणि अडस्टस या जुन्या नावाला जातीचा दर्जा मिळाला. मग क्वीन्सलँडमधल्या अँड्र्यू बेकर आणि सहकाऱ्यांनी 2012 ते 2015 या चार वर्षांत मिस्टिकस, अर्जेंटस, आर्क्टोस आणि व्हॅनडायकाय या चार जातींचे वर्णन केले, आणि स्वेनसनायमधून मिमेटीस स्वतंत्र झाली. आज अँटेकायनसच्या 15 जाती मानल्या जातात. इथे आक्षेप येतो तो असा, की जाती वाढल्या की नावे वाढवण्याची हौस वाढली? आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर या इतिहासातच आहे. 2002 मध्ये व्हॅन डायक यांनी रचनेच्या आधारावर न्यू गिनीतल्या म्युरेक्सिया गोतावळ्याची अनेक प्रजातींत फोड केली होती. 2007 मध्ये जनुकीय पुरावा तपासून क्रायेव्स्की आणि सहकाऱ्यांनी त्या सगळ्या पुन्हा म्युरेक्सिया या एकाच छपराखाली आणल्या. म्हणजे ही वाट फक्त फोडण्याची नाही. पुरावा सांगेल तेव्हा सांधणेही याच शास्त्राने केले आहे. लहर असती तर सांधणे झालेच नसते. शिवाय बेकर यांच्या नव्या जाती एकाच कसोटीवर उभ्या नाहीत. केसांचा रंग, कवटी आणि डीएनए यांची साक्ष एका दिशेला जाते तेव्हाच नाव दिले गेले.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. जंगल वाचवायचे असेल तर आतल्या उंदराएवढ्या जनावराच्या दोन जाती की तीन, याने काय बिघडते? बिघडते, कारण कायदा नाव वाचतो. अर्जेंटस ही ग्लॅडस्टनजवळच्या क्रूम्बिट टॉप्ससारख्या मोजक्या उंच पठारांवर सापडते, आर्क्टोस ट्वीड ज्वालामुखीच्या जुन्या मुखाभोवतीच्या थंड, ओल्या जंगलात. त्या स्वेनसनाय किंवा फ्लॅव्हिपेसमध्ये मोडत असत्या तर त्यांचा ऱ्हास एका दूरवर पसरलेल्या, सुखरूप जातीच्या आकडेवारीत बुडून गेला असता. नाव मिळाल्यावरच 2018 मध्ये दोन्ही जाती संकटग्रस्त ठरल्या. यावर कुणी म्हणेल की कायदा उपजातीलाही संरक्षण देतो, मग दर्जावरून एवढा वाद कशाला? कांगारू आयलंडवरच्या डनार्ट या स्मिंथॉप्सिसचे उदाहरण या म्हणण्याच्या बाजूचे आहे. 1984 मध्ये किचनर आणि सहकाऱ्यांनी त्याला स्वतंत्र जात ठरवले, पुढच्या जनुकीय अभ्यासांनी तो दर्जा खाली आणला, तरी 2019-20 च्या वणव्यात त्याचा बहुतेक अधिवास जळाला तेव्हा त्याच्या बचावासाठी धावपळ झालीच. पण ती झाली ती कुणीतरी त्याला आधी वेगळे ओळखले होते म्हणून. दर्जावर मतभेद चालतील. ओळखच नसेल तर मतभेद करायलाही काही उरत नाही.

तिसरे म्हणणे सध्या सर्वांत लोकप्रिय आहे, की आता डीएनए आहे, मग संग्रहालयातल्या कातड्यांची आणि कवट्यांची गरज काय? 2023 या एकाच वर्षाने याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले. त्या वर्षी पिलबारातल्या प्लॅनिगेलच्या दोन नव्या जातींना, केंड्रिकाय आणि टीलाय अशी नावे मिळाली. चपट्या डोक्याची ही जनावरे वर्षानुवर्षे जुन्या नावांखाली झाकली गेली होती आणि जनुकांनी त्यांच्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी मुलगारा म्हणजे डॅसिसर्कस या प्रजातीचा फेरआढावा आला, तो संग्रहालयातले नमुने आणि गुहांमधली हाडे जुळवून. त्यात तीन नव्या जातींची नोंद झाली, आणि या प्रजातीतल्या काही जाती आपण ओळखण्याआधीच नाहीशा झाल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. जे जनावर उरलेलेच नाही, त्याची साक्ष फक्त कुणीतरी जपून ठेवलेली कवटी देते. टॉमस यांच्यासारख्यांना जी कातडी अपुरी पडली, तीच आज नव्या प्रश्नांची उत्तरे देते आहे.

म्हणून या दोन शतकांकडे चुकांची यादी म्हणून पाहू नये. जॉफ्र्वा यांना रूप दिसले, टेट आणि आर्चर यांना कवटी आणि दात वाचता आले, वूली यांनी जनावराचे वर्ष मोजले, बेकर यांनी या सगळ्यांची सांगड घातली. प्रत्येकाने आधीच्याचे काम पुढे नेले आणि काही ठिकाणी मोडले. या क्रमात घाई कुणालाही परवडणारी नाही, पण उशीरही परवडणारा नाही. मुलगाराच्या ज्या जाती नाव मिळण्याआधीच नाहीशा झाल्या असतील, त्यांच्यासाठी आता कोणतीही यादी उपयोगाची नाही. अर्जेंटसचे नर या हिवाळ्यातही समागम उरकून मरतील आणि क्रूम्बिट टॉप्सचे भवितव्य माद्यांच्या सडांशी चिकटलेल्या पिलांवर उभे राहील. त्यांना वेळेत नाव मिळाले आहे, एवढी संधी तरी त्यांच्या वाट्याला आली.